सडा रिकामा नाही

कोकणात वाळवंट आहे असं कुणी म्हटलं तर आपण हसू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंतींना शेवाळ, श्रावण आला तरी न वाळणारे कपडे, आणि वाळवंट कुठलं? पण एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता राजापूरच्या किंवा देवगडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चप्पल काढून उभं राहून दाखवा. काळपट तांबडा कातळ तव्यासारखा तापलेला. नजर पोचेल तिथवर सावली नाही. गवताच्या काड्या करपून गेलेल्या, पाण्याचं नाव नाही.

पाऊस पडतो तो चार महिने. उरलेले आठ महिने सडा वाळवंटाच्याच नियमांनी जगतो. त्यावरची रोपंही वाळवंटातल्या रोपांची रीत पाळतात. जमिनीखाली कांदा नाहीतर कंद करून दडी मारायची, पाण्याची चाहूल लागली की धावतपळत वर यायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा गडप व्हायचं.

या घाईगर्दीच्या संसारातलं एक रोप म्हणजे दिपकाडी. शास्त्रीय नाव दिपकाडी कोंकणेन्स. नावातच कोकण आहे, कारण ती जगात दुसरीकडे कुठे नाही. कोकण-गोव्याची किनारपट्टी आणि तिच्या लगतचा थोडा मुलूख, संपलं तिचं राज्य. निकल डालझेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1850 साली तिची पहिली शास्त्रीय नोंद केली. म्हणजे तिचा जन्मदाखला कागदावर येऊन पावणेदोनशे वर्षं झाली. तरीही तिच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यापैकी शंभरातल्या किती जणांनी तिला पाहिलंय, हा प्रश्न जरा अवघडच आहे.

न पाहण्याचं कारण साधं आहे. आपण गावी असतो कधी? मे महिन्यात आंबे खायला, गणपतीत आरत्या म्हणायला आणि शिमग्यात पालखी नाचवायला. दिपकाडी फुलते जूनमध्ये पाऊस धरला की, आणि जुलैत तिचा बहर सरतो. चाकरमान्यांची शेवटची गाडी मुंबईला लागते, मुलांच्या शाळा सुरू होतात, गावातली माणसं नांगरणी आणि तरव्यात अडकतात, आणि नेमकी तेव्हा ही बाई सड्यावर पांढरीशुभ्र उभी राहते. पाहायला कुणी नसतं.

पाहिली तर विसरणार नाही. कातळाच्या खाचेत जेमतेम वीतभर माती साठलेली असते. त्यातून लांबोळकी, गवतासारखी पण जरा जाडसर पानं निघतात. मधून एक सरळ दांडा येतो आणि त्यावर एकाआड एक फुलं लागतात. फूल नळीसारखं, बोटाच्या दोन पेरांएवढं लांब, टोकाला सहा पाकळ्या बाहेर वळलेल्या. रंग स्वच्छ पांढरा. आजूबाजूला ओला काळा कातळ आणि नुकतं उगवलेलं पोपटी गवत असतं, त्यामुळे तो पांढरा रंग लांबूनही डोळ्यात भरतो. भारतातल्या तिच्या भाईबंदांपैकी बऱ्याच जाती मळकट हिरव्या-तपकिरी फुलांच्या, सहज नजरेतून सुटणाऱ्या. ही मात्र ठसठशीत. फूल गेलं की तीन कप्प्यांचं बोंड धरतं, त्यात काळ्या चपट्या बिया. पावसाळा संपेपर्यंत पानंही सुकून जातात. मग ऑक्टोबरात तिथं कुणाला घेऊन गेलात आणि म्हणालात की इथं जगातली एक दुर्मीळ वनस्पती आहे, तर तो तुमच्याकडे कातळ बघितल्यासारखा बघेल.

सगळा घोळ इथंच आहे. आपण सड्याकडे बघतो ते कोरड्या महिन्यांत. जमिनीचे व्यवहार होतात कोरड्या महिन्यांत. मोजणी, सर्वेक्षण, प्रकल्पाच्या साहेबांची पाहणी, चिरेखाणीचा करार, सगळं ऑक्टोबर ते मे. पावसात गाडी वर चढत नाही म्हणून कुणी फिरकत नाही. सडा ज्या काळात आपलं सगळं वैभव मांडून बसतो, नेमका तोच काळ निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांआड जातो. मग सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असा शेरा पडतो, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात खडकाळ जमिनीचा स्वतंत्र रकाना असतो, आणि आपणही सहज बोलून जातो, अरे तिथं काय आहे, नुसता कातळ.

नुसता कातळ! जून संपता संपता सड्यावरच्या उथळ खळग्यांत पाणी साठतं. दिपकाडी मावळतीला लागते तोवर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती आपली चिकट लाल पानं पसरते. मातीत नत्र नाही, तर किडे धरून खा, असा तिचा रोखठोक हिशेब. मग गेंदाच्या पांढऱ्या टिकल्यांनी कातळ भरतो, त्यांच्यात सीतेच्या आसवांची निळीजांभळी छटा मिसळते. ही आसवंही कीटकभक्षीच, फक्त यांचे सापळे पाण्यात नाहीतर ओल्या मातीत लपलेले. भाद्रपदात कवल्याची पिवळी फुलं, तेरडे, नभाळी. गवतात माळटिटवी, चंडोल, दगडाखाली फुरसं. एकाच सड्यावर दर पंधरा दिवसांनी रंग बदलतो. आणि हे सारं अशा जमिनीवर, जिथं आपल्याला कुळीथ पेरायचे म्हटले तरी घमेलंभर माती शोधत फिरावं लागेल.

कासच्या पठाराचं नाव आता घरोघरी झालंय. 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातल्या 39 ठिकाणांत कास आहे. तिथं गर्दीचा त्रास झाला, पण निदान जपणूकही आली. आपले सडे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उंचीने बेताचे, घाटापासून दूर. त्यांच्यावर वनखात्याची हद्द नाही, अभयारण्याची पाटी नाही. बहुतेक सडे खासगी मालकीचे. म्हणजे कुणाचे? माझे, तुमचे, आपल्या चुलत्यांचे. ही गोष्ट एकाच वेळी चिंतेची आणि दिलाशाची आहे. चिंतेची, कारण विकायला कुणाची परवानगी लागत नाही. दिलाशाची, कारण वाचवायलाही लागत नाही.

आता काय हातचं जातंय ते नीट बघू.

पहिली चिरेखाण. खाणवाल्यांना शिव्या घालायचा माझा इरादा नाही. माझं घर जांभ्याचं आहे, तुमचंही असेल. आपल्या विहिरी, गडगे, देवळांची जोती, सगळं चिऱ्यात बांधलेलं. पण पूर्वी माणसं हाताने चिरा काढायची, महिन्याला चार घरांपुरता. आता कातळावर रूळ टाकून गोल पात्याचं यंत्र फिरतं. वरचा थर खरवडून बाजूला सारला जातो, आणि दिपकाडीचा कांदा, गेंदाचं बी, खळग्यातली माती, सगळं त्या खरवडीतच जातं. खाली उरतो एक चौकोनी खड्डा. पावसात तो भरतो, हिरवा दिसतो, लोक फोटो काढतात. एक खाण पुरती संपायच्या आत शेजारी दुसरी सुरू होते, कारण वरचा चिरा काढायला सोपा आणि खोल गेलं की पैसे कमी.

दुसरी गोष्ट सांगताना जीभ अडखळते, कारण ती आपल्या हापूसची आहे. आधी कलमं डोंगरउतारावर होती. मग यंत्रं आली. आता सुरुंग लावून कातळ फोडता येतो, खड्ड्यात बाहेरून आणलेली माती भरता येते, टँकरने पाणी देता येतं. सड्याचे सडे बागा झाले. आंब्या-काजूवर कोकणातली हजारो घरं उभी आहेत, त्यांचा घास कुणी हिसकावू नये. पण शंभर एकरांच्या सड्यातला शेवटचा एकरसुद्धा फोडायलाच हवा का, एवढं तरी विचारू या.

तिसरी गोष्ट ऐकून काही मित्र रागावतात. वृक्षारोपण. दर पावसाळ्यात शाळेची मुलं, संस्था, कार्यालयं ‘उजाड माळ हिरवा करू’ म्हणून सड्यावर खड्डे खणतात. हेतू शंभर टक्के चांगला. पण सडा उजाड नसतोच, आणि तिथलं बहुतेक जग उन्हात वाढणारं आहे. झाडाने सावली धरली की गेंद, दवबिंदू, दिपकाडी यांची जागा जाते. झाड जगलं नाही तर खड्डा वाया, जगलं तर फुलं वाया. झाडं लावायला आपल्याकडे उघडे पडलेले उतार आहेत, रस्त्याच्या कडा आहेत, वहाळाचे काठ आहेत. तिथं लावू. सड्याला त्याचं गवत राहू दे.

मग मोठे प्रकल्प. सपाट, घरं नसलेली, एकगठ्ठा मिळणारी जागा म्हटली की बोट सड्यावर जातं. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला तो सड्यावर. गोव्यातला मोपाचा पठारावर. माडबनला अणुऊर्जेसाठी घेतलेली जागा सडाच. 2023 च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा उसळलेला विरोध आपण सगळ्यांनी पाहिला. अशा प्रकल्पांवर गावागावात, एकेका घरातसुद्धा दोन तट असतात. तो वाद मी या लेखात मिटवू शकत नाही. पण मला एक खटकत आलंय. दोन्ही बाजूंनी रोजगार, आंबा, मासळी, प्रदूषण यावर तावातावाने बोललं जातं. त्या कातळावर आत्ता, या घडीला काय उगवतंय, हे फार थोडे लोक विचारतात. किंमत ठरवायला बसलो आहोत आणि माल कुणी उघडून पाहिलेलाच नाही.

त्यात कातळशिल्पांची साक्ष आहे. याच सड्यांवर आपल्या फार जुन्या पूर्वजांनी माणसं, हत्ती, मासे, मोर, न उलगडणाऱ्या चौकटी कोरून ठेवल्या. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण ही नावं आता जगाच्या नकाशावर आहेत. काही वर्षांपूर्वी हीच चित्रं गवताखाली, मातीखाली होती आणि तेव्हाही आपण म्हणत होतो, तिथं काय आहे. थोड्या हौशी माणसांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून, गवत बाजूला सारून ती शोधली. सरकारच्या हुकमाची वाट त्यांनी बघितली नाही. फुलांच्या बाबतीत असं का होऊ नये?

जगात ही गोष्ट फक्त आपल्याकडे घडतेय असंही नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या वाळवंटात टीम्स बकव्हीट नावाचं एक बुटकं, फिकट पिवळ्या फुलांचं रानरोप आहे. सगळ्या जगात ते फक्त तिथल्या एका डोंगररांगेत, तेही जेमतेम दहा एकरांत. त्या मातीत लिथियम आणि बोरॉन भरलेलं. बॅटऱ्यांसाठी लिथियम हवं म्हणून तिथं खाण होऊ घातली. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने त्या रोपाला संकटग्रस्त ठरवलं आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच सरकारने खाणीला मंजुरीही दिली. रोप तिथंच का वाढतं? कारण इतरांना न मानवणाऱ्या त्या मातीशी त्याने जुळवून घेतलंय. माणसाला ती जागा का हवी? तीही त्या मातीसाठीच. आपल्याकडेही तसंच आहे. दिपकाडीला जांभा हवा, आपल्यालाही जांभा हवा.

पण तिथल्या रोपासाठी ज्यांनी धावपळ केली, त्यांच्यापाशी एक गोष्ट होती, जी आपल्यापाशी अजून नाही. नोंद. रोपं कुठे आहेत, किती आहेत, कुठल्या वर्षी किती होती, हे कागदावर होतं. म्हणून निदान भांडता आलं.

‘एक फूल गेलं तर काय बिघडलं?’ असं विचारणारा माणूस वाईट नसतो, त्याला उत्तर मिळालेलं नसतं. तर उत्तर पाण्यापासून सुरू करू. जांभा सच्छिद्र आहे, भेगांनी भरलेला आहे. सड्यावर पडलेलं पाणी त्याच्यातून झिरपत खाली जातं. खाली शेडी लागते, ती मऊ चिकणमाती. शेडी पाण्याला पुढे जाऊ देत नाही, मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या वाडीची बाव, पाटाचं पाणी, देवळामागचं कुंड, मार्चपर्यंत वाहणारा पऱ्या, हे सगळे सड्याचे देणेकरी. वर सुरुंग लावला की भेगांची वाट बदलते. वर चिरा काढला की पाणी धरणारा थरच जातो. वाडीतली बाव एका वर्षी फेब्रुवारीतच तळ दाखवते आणि आपण म्हणतो, पाऊस कमी झाला. दिपकाडी जिथं फुलते तो सडा बहुधा अजून शाबूत असतो, पाणी पीत असतो. ती गेली तर फक्त एक फूल गेलं असं समजू नका. खाली विहिरीवर घागर घेऊन जाणाऱ्या बाईला त्याची झळ पोचणार आहे.

शिवाय चारा. दिवाळीच्या आसपास सड्यावरचं गवत कापून भारे बांधतात, उडवी रचतात, ती गुरांना पावसाळ्यापर्यंत पुरतात. गवतकापणीने दिपकाडीचं काही बिघडत नाही, तोवर तिचं बी पडून गेलेलं असतं. म्हणजे सडा वापरायचाच नाही असं कुणी म्हणत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो पिढ्यानपिढ्या वापरला, गुरं चारली, गवत कापलं, खोलगट भागात भात-नाचणी केली, आणि फुलं राहिली. वापरणं वेगळं, उलटून टाकणं वेगळं.

आणि पुढची गोष्ट ज्यांना हिशेब आवडतो त्यांच्यासाठी. आठ महिने पाण्याशिवाय, रणरणत्या कातळात जिवंत राहायची कला या रोपांना येते. तापत चाललेल्या जगात ही कला शिकायला उद्या किती लोक येतील सांगता येत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात पश्चिम घाटातल्या दुर्मीळ रोपांची जपणूक चालते, ते काम मोलाचं आहे. पण उद्यानात रोप जगतं, सडा जगत नाही. दिपकाडीचा कातळ, तिचे किडे, तिच्या सोबतचं गवत हे कुंडीत नेता येत नाही.

मग आपण काय करू शकतो? पुष्कळ. आणि त्यातलं बरंचसं फुकट.

आधी बघायला जाऊ. पाऊस धरल्यावर जूनच्या शेवटी, एका उघडिपीच्या सकाळी आपल्याच गावच्या सड्यावर. सोबत गावातला गुराखी किंवा गवत कापणारी एखादी मावशी असेल तर सोन्याहून पिवळं. त्यांना प्रत्येक खाचखळगा माहीत असतो. पायात बूट घाला, फुरसं गंमत करत नाही. फुलाचा फोटो काढा, पानाचा काढा, आजूबाजूच्या कातळाचाही काढा. तारीख लिहा. किती दांडे दिसले ते मोजा. कांदा मात्र उपटू नका, ‘घरी कुंडीत लावतो’ म्हणूनही नाही. आणि गाडी वर नेऊ नका. पावसात भिजलेल्या सड्यावर चार चाकं फिरवून रीळ करायचं नवं खूळ आलंय. त्या चाकोऱ्या पुढचा पावसाळा आला तरी बुजत नाहीत.

समाजमाध्यमांवर फोटो जरूर टाका, गावाचं नाव, वाट, नकाशावरची नेमकी खूण टाकू नका. कासला काय झालं ते आठवा. शिवाय दुर्मीळ कांदे उपटून विकणारेही जगात आहेत. जिल्ह्याचं नाव पुरे. अभ्यासकांना किंवा निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांना नेमकी जागा हवी असेल तर ती लपवून देण्याची सोय तिथं असते.

मग ही नोंद कागदावर चढवायची. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही हवी. माधव गाडगीळांनी ही कल्पना रुजवली ती एवढ्याचसाठी, की गावाला काय ठाऊक आहे ते गावाच्या नावावर लिहिलेलं असावं. आता खरं बोलायचं तर पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही कुणा बाहेरच्याने घाईत भरून दिलेली असते आणि कपाटात धूळ खात असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा, ती बाहेर काढायला सांगा, वाचा. सड्याच्या पानावर काय लिहिलंय? बहुधा काहीच नाही. मग आपण लिहू. आपले फोटो, आपले आकडे, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली नावं. उद्या खाणीचा अर्ज आला, प्रकल्पाची जनसुनावणी लागली, तर ‘इथं काही नाही’ असं म्हणणाऱ्यासमोर हे पान ठेवता येतं.

तारखाही आपल्या बाजूने आहेत. जून-जुलैत फुलं मोजली की 15 ऑगस्टची ग्रामसभा समोरच असते. त्या सभेत एक ठराव मांडायचा: गावच्या सड्याचा अमुक भाग फुलांचा म्हणून राखायचा, तिथं खाणीला ना हरकत द्यायची नाही, वृक्षारोपण करायचं नाही, कचरा टाकायचा नाही. सगळा सडा मागू नका, कुणी देणार नाही. दोन-पाच एकर मागा, पण नेमके मागा. चिऱ्याची गरज आहे ना? मग फुलं नसलेल्या बाजूला, एक खाण पुरती संपवून मगच दुसरी. खाणवाला आपल्याच गावचा असतो, त्याचीही बाव आटलेली असते, त्यालाही बोलवा.

याला गावकीत आधार शोधायला लांब जायला नको. आपल्याकडे देवरहाटी आहे, देवाचं राखीव रान. तिथली काटकी मोडायची म्हटली तरी देवाला कौल लावावा लागतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथं देवाच्या नावाने लोकांनी राखलेलं रानजायफळाचं दलदलीतलं रान आज जैवविविधता वारसा स्थळ झालंय. आधी गावाने राखलं, मग सरकारने मोहोर उठवली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सड्यालाही देवरहाटी का असू नये? झाडं नसलेली, फुलांची देवरहाटी. शिमग्यात पालखी सड्यावरून जातेच, तेव्हा गाऱ्हाण्यात मानकऱ्यांनी एक वाक्य वाढवलं तर त्याची ताकद कुठल्याही शासननिर्णयापेक्षा जास्त असेल, अशी माझी खात्री आहे. देवाला मान्य असेल, तुम्ही विचारून बघा.

शिक्षकांना एक विनंती. वृक्षारोपणाचा फोटो पाठवावा लागतो, कबूल. रोपं उतारावर लावू, आणि त्याच दिवशी मुलांना सड्यावर नेऊन फुलं मोजायला लावू. सातवीतल्या पोराला एकदा दवबिंदूच्या पानाला चिकटलेला किडा दाखवला की त्याला धडा शिकवावा लागत नाही.

बागायतदार मंडळींना आग्रह नाही, विचार आहे. नव्या बागेसाठी कातळ फोडायच्या आधी एक पावसाळा थांबा. जूनमध्ये एक चक्कर, ऑगस्टमध्ये एक चक्कर. जिथं खळगे आहेत, फुलं आहेत, ती पट्टी सोडून उरलेल्यात कलमं बसतात का बघा. आंब्याच्या मोहोराला माशा आणि मधमाश्या लागतात, आणि त्यांना वर्षभर खायला रानफुलं लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि आता आपण, मुंबई-पुण्यातले, ठाण्या-डोंबिवलीतले, सुरत-बडोद्यातले, दुबईतले. सामायिक सातबाऱ्यावर आपलं नाव बाराव्या नाहीतर बावीसाव्या ओळीत असतं. कुणीतरी दलाल फोन करतो, ‘काका, तुमचा तो कातळ पडून आहे, सही द्या, बाकीच्यांनी दिली.’ आणि आपण कुरियरने सही पाठवतो. ती जागा कशी दिसते ते आपल्याला आठवतही नसतं. सही करू नका असं मी म्हणणार नाही; गरजा असतात, मुलांची शिक्षणं असतात, म्हाताऱ्या आईवडिलांचे दवाखाने असतात. पण सही करण्याआधी एकदा पावसात ती जागा बघून या. भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर शुभ सकाळच्या फुलांचे फोटो रोज येतात, त्यात एकदा आपल्याच जमिनीतल्या फुलाचा टाका. मग चर्चा वेगळी होते. विकायचंच ठरलं तरी ‘एवढा तुकडा सोडून’ असं लिहून घेता येतं. कुणी ना कुणी चुलतभाऊ म्हणेल, मलाही तेच वाटत होतं. असे लोक प्रत्येक घरात असतात, फक्त कुणी आधी बोलत नाही.

गोव्यातल्या वाचकांनाही हेच सांगणं. तुमचे सडे आमच्यापेक्षा लहान, आणि घरांच्या भूखंडांचा दाब कितीतरी जास्त. पण तुमच्या ग्रामसभा आमच्यापेक्षा जास्त गाजतात, हेही खरं.

तेव्हा या जूनचं ठरवू. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण सुरू झाल्याबरोबर संपतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मात्र कोकण रेल्वेत खिडकीची जागा आरामात मिळते. पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, गाडी जरा रेंगाळत जाते, तेवढी सवड काढा. काका-काकू म्हणतील, अवेळी कसे आलात रे, भात लावायला हात हवेच होते. एक दिवस त्यांच्या चिखलात घालवा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाही घेऊन सड्यावर चढा. फोटो, तारीख, आकडा. आणि 15 ऑगस्टला ग्रामसभेत उभं राहायला घरातलं कोण जाणार, ते तिथंच वर ठरवून खाली उतरा.